व्हर्च्युअल मशीन हलवताय? लाइन वाढवण्याआधी डिस्क मोजा

शनिवारी रात्री काम सुरू करायचं, रविवारी दुपारपर्यंत सर्व्हर नव्या जागी, असं ठरलेलं असतं. रविवारी दुपारी बघावं तर पट्टी ४० टक्क्यांवर अडकलेली. सोमवारी सकाळी ऑफिस उघडायचंय आणि कंत्राटदार म्हणतो, "साहेब, नेटवर्क कमी पडतंय." ब्रॉडकॉमने २०२३च्या अखेरीस व्हीएमवेअर घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्स बंद केली, तेव्हापासून अनेक छोट्या कंपन्या मशीन्स प्रॉक्समॉक्सवर नाहीतर क्लाउडवर हलवताहेत. त्यामुळे हे वाक्य फार ठिकाणी ऐकू येतं.

भोसरीतल्या एका ओळखीच्या कारखान्यात हेच झालं. दीड टीबीची व्हर्च्युअल मशीन, वेग सेकंदाला ३८ एमबी. म्हणजे ११ तास. सल्ला ऐकून त्यांनी १० गिगाबिटचा स्विच आणि दोन कार्डं घेतली. वेग ३८च राहिला. मी गेलो तेव्हा नव्या सर्व्हरवर डिस्कचा ताण दाखवणारं आयओस्टॅट लावून बघितलं: डिस्क १०० टक्के व्यस्त, एकेका लिखाणाला ९० मिलिसेकंद. आधीची १ गिगाबिटची लाइन सेकंदाला ११० एमबी सहज नेते. तिचाही एक तृतीयांशच भाग वापरला जात होता. दोष होता डिस्क सांभाळणाऱ्या रेड कार्डाच्या बॅटरीत. ती मेली की कार्ड सुरक्षिततेसाठी कॅशमध्ये लिहिणं थांबवतं आणि प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर उतरवतं. रेड ५ असेल तर एका छोट्या लिखाणामागे डिस्कवर चार कामं होतात, त्यामुळे हाल आणखी वाढतात. बॅटरी बदलली, काम झालं. स्विचचे पैसे मात्र गेले ते गेलेच. (बॅटरीशिवाय कॅश जबरदस्तीने चालू करून देणारेही भेटतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. त्याच वेळी वीज गेली तर डेटा जातो.)

म्हणून पहिली तपासणी फुकटची. कॉपी चालू असताना दोन्ही टोकांच्या डिस्क बघा, लिनक्सवर आयओस्टॅटने, विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमध्ये. मग आयपर्फने नुसती लाइन मोजा. लाइन ११० देतेय आणि कॉपी ३८ने चाललीय, तर लाइनवर एक रुपयाही घालू नका. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सलग वाचताना १५० ते २०० एमबी देते, पण त्याच वेळी बॅकअप किंवा अँटिव्हायरस सुरू असेल तर तिचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं आणि वेग पार कोसळतो. रात्री ११चा ठरलेला बॅकअप त्या दिवसापुरता पुढे ढकला, याला खर्च शून्य.

क्लाउडमध्ये डिस्क बिघडलेली नसते, तिला मर्यादा घातलेली असते. ती पैसे देऊन तात्पुरती वाढवता येते, आणि हे फार जणांना माहीत नसतं. ॲमेझॉनच्या जीपी३ डिस्कला मूळ किमतीत सेकंदाला १२५ एमबी मिळतात. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्राच्या दराने वरच्या प्रत्येक एमबीला महिन्याला ०.०४ डॉलर पडतात. १२५चे ५०० केले तर महिन्याला १५ डॉलर, म्हणजे दोन दिवसांसाठी साधारण १ डॉलर. मुंबईचा दर थोडा जास्त आहे, सही करण्याआधी त्या दिवसाचा दर बघून घ्या.

पण एकटी डिस्क वाढवून भागत नाही, मशीनलाही स्वतःची मर्यादा असते. एम५ लार्ज मशीन डिस्कशी सतत सेकंदाला फक्त ८१ एमबीने बोलू शकते. त्यावरचा वेग मोजक्या वेळापुरता उधार मिळतो. सुरुवातीला सुसाट आणि मग बैलगाडी, असा अनुभव आला तर कारण बहुधा हेच. अझ्युअरमध्येही तसंच. १ टीबीची पी३० डिस्क सेकंदाला २०० एमबी देते, पण ती डी२एस व्ही३ मशीनला जोडली की कॅशविना ४८च मिळतात. १ टीबीला पावणेसहा तास. तेवढ्यापुरतं मशीन डी८एस व्ही३ केलं तर १९२ मिळतात आणि काम दीड तासात उरकतं. मशीन तासाच्या हिशेबाने आकारलं जातं, त्यामुळे जास्तीचा खर्च दोन-तीन तासांचाच. आकार बदलताना ते एकदा बंद होऊन चालू होतं, आणि काम झाल्यावर आठवणीने परत लहान करा. इथेच लोक विसरतात आणि महिनाभर मोठं बिल भरतात.

डेटा क्लाउडमध्ये नेणं ॲमेझॉनकडे फुकट असतं, बाहेर काढणं नाही. व्हर्जिनियात महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर जीबीला ०.०९ डॉलर, म्हणजे १ टीबीला सुमारे ८१ डॉलर. अर्धवट तुटलेली कॉपी पुन्हा पहिल्यापासून केली तर हे पैसे दुसऱ्यांदा लागतात.

कंत्राटदाराचा दर तासावर असेल तर मंद डिस्कचं बिलही तुमच्याच माथी, वर १८ टक्के जीएसटी. ठरीव रकमेत काम द्या, आणि वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी दोन्ही टोकांच्या डिस्कचा मोजलेला वेग आणि त्यावरून काढलेले तास लेखी मागून घ्या.