सोयाबीनात हरवलेले दगड

31 मे 2023 रोजी मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाचे पैसे टप्प्याटप्प्याने खात्यात आले. एवढी रक्कम मी जन्मात पाहिली नव्हती.

अकोला-वाशीम रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं, तेव्हापासून आमच्या मेडशीत चहाच्या टपरीवर जमिनीचाच विषय. एका ओळखीच्या मध्यस्थाने मला रस्त्यापासून थोडं आत एक शेत दाखवलं. चुना फासलेले दगड ओळीने रोवलेले, मधून मुरमाची वाट. "गुरुजी, दोन वर्षांत दुप्पट. मंग हात लावू देत नाही कोणी." मी 12 लाखांना दोन प्लॉट घेतले. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर इसारचिठ्ठी झाली. खरेदीखत जमीन एनए (अकृषक) झाल्यावर करायचं ठरलं, पैसे मात्र मी सगळे मोजून दिले.

पुढच्या श्रावणात पत्नीच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. एक प्लॉट विकू म्हणून शेतावर गेलो, तर गुडघाभर सोयाबीन उभं. झाडं बाजूला सारत फिरलो, तेव्हा एक दगड पायाला लागला. चुन्याचे पोपडे निघाले होते. शेतमालक म्हणाला, "गुरुजी, सातबारा माझ्या नावावर आहे. पेरलं नाही तर खाऊ काय?" त्याचं चुकत नव्हतं. माझ्याकडे विकण्यासारखं काही नव्हतंच. शेवटी तिच्याच पाटल्या मोडून दवाखान्याचं बिल भरलं.

म्हणून निवृत्तीला आलेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. जमीन वाईट नाही, पण ती महिन्याला भाकर देत नाही आणि अडीअडचणीला चार दिवसांत विकली जात नाही. निवृत्तीचा पैसा म्हणजे आपला पुढचा पगार. आधी वर्षभराचा घरखर्च आणि दवाखान्याची रक्कम बँकेत बाजूला काढा. मग ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. पोस्टात किंवा बँकेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. मी निवृत्त झालो तेव्हा व्याज 8.2 टक्के होतं. माझ्या 12 लाखांवर दर तिमाहीला 24,600 रुपये आले असते. ज्येष्ठ म्हणायला साठी लागते खरी, पण 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यालाही ठराविक मुदतीत हे खातं उघडता येतं. पैसे हातात पडताच चौकशी करा.

अंशराशीकरणाचे पैसे जमिनीत घालू नका. त्यापोटी कापलेली पेन्शन पूर्ववत व्हायला 15 वर्षं लागतात.

एवढं करूनही पैसा उरला आणि प्लॉट घ्यायचाच असेल, तर दगड बघून घेऊ नका, कागद बघून घ्या. सातबारावर मालक कोण, बोजा किती, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची तर नाही, हे तलाठ्याकडे तपासा. एनए आदेश आणि मंजूर रेखांकन डोळ्यांनी पाहा. 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. अलीकडे त्यात सवलती मिळाल्या, पण आपल्या तुकड्याला त्या लागू आहेत का, ते तहसीलमध्ये विचारा. नियोजन क्षेत्रात 500 चौरस मीटरहून मोठा आणि 8 हून अधिक प्लॉटचा लेआउट असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च करून घ्या. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. मुखत्यारपत्राने केलेली विक्री ही विक्री नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. मग नोटरीच्या इसारचिठ्ठीची काय कथा! खरेदीखतावर सही होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

गेल्या पावसाळ्यात निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याला मी त्या शेतावर नेलं. म्हटलं, "सर, माझे प्लॉट शोधा बरं." ते बराच वेळ धुऱ्यावर उभे राहिले. परतताना त्यांनी पोस्टासमोर गाडी थांबवली आणि खात्याचा फॉर्म घेऊन आले.