महसीर

सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात महसीर हा मासा राहतो. मोठमोठे खवले, जाड ओठ आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, या खुणांवरून तो ओळखावा. त्याच्या जबड्यात दात नसतात. परंतु घशातील दातांनी तो गोगलगायींचे शंखही फोडतो. पाण्यात पडलेली फळे व किडेही तो खातो. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि मादी खडकाळ, उथळ पात्रात अंडी घालते.

दख्खनच्या महसिराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून.

रायगड जिल्ह्यातील वाळणकोंडीच्या डोहात हे मासे देवीचे मानले जातात. तेथे कोणी गळ टाकीत नाही. श्रद्धेने गळ थांबतो. सांडपाणी मात्र थांबत नाही. नदी निर्मळ राखली, तरच महसीर राहील.