रोगप्रतिकार : शक्ती की व्यवस्था?

पारिभाषिक शब्द वस्तूला नाव देतो, तसाच विचारालाही वळण लावतो. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा असाच एक शब्द. तो सुटसुटीत आहे, सर्वांना कळतो आणि शालेय पुस्तकापासून काढ्याच्या पाकिटापर्यंत सगळीकडे आढळतो. पण शक्ती म्हटली की ती वाढवायची, आणि जितकी जास्त तितकी बरी, हे गृहीत ओघानेच येते. सीमाभागातील मराठी शाळेत विज्ञान शिकवताना या गृहीताशी माझी दरवर्षी गाठ पडते. ते कुठे तोकडे पडते, हे स्वयंप्रतिकार रोग आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांच्या आधारे पाहू.

‘इम्युनिटी’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘इम्युनिस’मध्ये आहे. कर किंवा सार्वजनिक सेवेतून सूट मिळालेला, असा त्याचा अर्थ. म्हणजे मुळात तिथे मोकळीक आहे, बळ नाही. ‘शक्ती’ ही मराठीत आल्यावर जोडली गेली.

प्रतिकाराचे पहिले काम ओळखण्याचे असते. जंतूच्या पृष्ठभागावरील खुणांना आपण प्रतिजन म्हणतो. त्या खुणेला नेमके चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. शरीर स्वतःविरुद्ध असे शस्त्र सहसा उगारत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले आणि या टाळण्याला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे नाव दिले. हे टाळणे कधी कधी फसते, हे पुढे स्पष्ट झाले. रुमॅटॉइड संधिवात, ल्यूपस, पहिल्या प्रकारचा मधुमेह ही त्याची उदाहरणे. या रोगांत शक्ती कमी पडलेली नसते. ओळख चुकलेली असते.

ही चूक कशी होते, हे संधिवाताच्या तापात (रुमॅटिक फीव्हरमध्ये) चांगले दिसते. मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूमुळे दुखतो आणि बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, काहींच्या हृदयाच्या झडपांना इजा होते. या जीवाणूवरील काही प्रथिने हृदयातील प्रथिनांसारखी असतात. जीवाणूविरुद्ध तयार झालेला प्रतिकार त्या साम्यामुळे हृदयावर उलटतो. म्हणूनच अशा मुलांना घसा पुन्हा बिघडू नये यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते.

उलट दिशेचे उदाहरण कोविडच्या काळात पुढे आले. विषाणू शिरल्यावर पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. एलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी ती 1957 मध्ये लंडनमध्ये शोधली. 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कोविडमुळे प्राणघातक न्यूमोनिया झालेले 987 रुग्ण तपासले होते. त्यांपैकी किमान 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेल्या 663 जणांत ती एकातही नव्हती. येथे स्वयंप्रतिकारानेच श्वसनसंसर्गाला वाट करून दिली.

त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे दाह दाबणारे स्टेरॉइड वापरून पाहिले गेले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. विषाणूशी लढा सुरू असताना प्रतिकार हवा. तो बेफाम होऊन फुप्फुसांना जाळू लागला की आवर हवा. हा आवर घालणाऱ्या पेशींवरील शोधांसाठीच मेरी ब्रुन्को, फ्रेड राम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना 2025 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. ल्यूपसच्या रुग्णाला प्रतिकार आवरणारी औषधे मुद्दाम दिलेली असतात. त्यामुळे त्याला न्यूमोनियाचा धोका अधिक असतो आणि लसींबाबत डॉक्टरांचा सल्ला लागतो. घरची माणसे मायेपोटी म्हणतात, “या गोळ्यांनी शक्ती कमी होते, सोडून दे, काढा घे.” दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. एकाच माणसाचा प्रतिकार सांध्यांत अती आणि फुप्फुसांत अपुरा असू शकतो, हे ‘शक्ती’ या शब्दातून समजावता येत नाही. ‘व्यवस्था’ म्हटले की येते. कारण व्यवस्थेत ओळख, कृती आणि आवर तिन्ही आले.

म्हणून लेखक आणि शिक्षक मित्रांना माझी सूचना अशी: संपूर्ण यंत्रणेसाठी ‘प्रतिकारव्यवस्था’ म्हणावे आणि एखाद्या जंतूविरुद्धच्या कृतीसाठी ‘प्रतिसाद’. ‘शक्ती’ बोलीत राहील, तिला हाकलण्याचे कारण नाही. मात्र वर्गात “प्रतिकारशक्ती वाढते” अशी एखादी जाहिरात वाचून दाखवावी आणि विद्यार्थ्यांना विचारायला लावावे: कोणत्या पेशीची, कोणत्या जंतूविरुद्ध, आणि थांबवणार कोण? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग अडखळतो. धडा तिथूनच सुरू करावा.