उत्तरार्धाची कसोटी : 'सुपरमॅन टू' या चित्रपटाचा अभ्यास

अतिमानवी नायकाच्या खर्चिक चित्रपटाचा दुसरा भाग पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडी बहुधा दोनच प्रश्न असतात : हा पहिल्यापेक्षा भव्य आहे काय? आणि पहिल्याइतकी मजा आली काय? दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु ते समीक्षेचे निकष नव्हेत. भव्यता पैशाने वाढविता येते आणि मजा पुष्कळदा पाहणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. मग अशा चित्रपटाचे मूल्यमापन करावयाचे तरी कशाच्या आधारे? 'सुपरमॅन टू' या चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हाच चित्रपट निवडण्याचे कारण असे की, एकाच कथेची दोन दिग्दर्शकांच्या हातून घडलेली दोन रूपे आज उपलब्ध आहेत. अशी संधी अभ्यासकाला क्वचितच मिळते.

निर्मितीची हकीकत

अलेक्झांडर व इल्या साल्किंड या पितापुत्र निर्मात्यांनी 'सुपरमॅन'चे दोन्ही भाग एकाच वेळी चित्रित करावयाचे ठरविले. १९७७ मध्ये रिचर्ड डॉनर यांच्या दिग्दर्शनाखाली इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत काम सुरू झाले. वेळ आणि पैसा हाताबाहेर जाऊ लागताच दुसरा भाग अर्धवट ठेवून पहिला पुरा करण्यात आला. तो १९७८ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला आणि गाजला. पण निर्माते व डॉनर यांचे बिनसले होते. दुसऱ्या भागाचा बराच मोठा अंश चित्रित करूनही डॉनर यांना बाजूला व्हावे लागले आणि विनोदी शैलीसाठी प्रसिद्ध असलेले रिचर्ड लेस्टर यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी पुष्कळ प्रसंग नव्याने घेतले. लेस्टर यांचा चित्रपट अमेरिकेत १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. डॉनर यांनी घेतलेली दृश्ये जुळवून त्यांची आवृत्ती २००६ मध्ये रसिकांपुढे आली.

त्यागाची किंमत

दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच आहे. लोइस लेन या पत्रकार तरुणीवरील प्रेमापोटी सुपरमॅन आपल्या शक्तींचा त्याग करतो आणि सामान्य माणूस होतो. नेमक्या याच वेळी जनरल झॉड व त्याचे दोन साथीदार पृथ्वीवर येतात. सुख की कर्तव्य, हा आपल्या साहित्याला चांगला परिचित असलेला पेच येथे उभा राहतो. या पेचातूनच उत्तरार्धाचा खरा निकष हाती लागतो : नायकाने काय गमावले, आणि जे गमावले ते शेवटपर्यंत गमावलेलेच राहिले काय?

या दृष्टीने पाहता चित्रपटातील सर्वोत्कृष्ट प्रसंग सर्वांत साधा आहे. रस्त्याकडेच्या खाणावळीत एक दांडगट ट्रकचालक क्लार्कला बदडून काढतो. क्लार्क ओठाला बोट लावतो आणि स्वतःचे रक्त पाहून चकित होतो. वेदना म्हणजे काय, हे त्याला प्रथमच कळते. ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या मुद्रेवर तेथे भय, लाज आणि कुतूहल एकत्र दिसते. याउलट महानगरातील प्रचंड युद्धात मोटारी उडतात, बसगाड्या फेकल्या जातात. पण वादळी वाऱ्यातही टेलिफोनवर बोलतच राहणारा माणूस दाखवून लेस्टर आपल्याला हसवितात. हसू आले की भय मावळते. भय मावळले की युद्धाची केवळ कसरत होते.

दोन आवृत्त्यांतील महत्त्वाचा फरक शक्ती परत मिळण्याच्या प्रसंगात आहे. डॉनर यांच्या आवृत्तीत पित्याची उरलीसुरली चेतना मुलाला शक्ती परत देते आणि स्वतः विझून जाते. पिता दुसऱ्यांदा मरतो. चुकीची किंमत चुकती होते. परंतु पित्याची भूमिका करणारे मार्लन ब्रँडो यांची दृश्ये मोबदल्याच्या वादापायी लेस्टर यांच्या चित्रपटातून गळली. तेथे केवळ एक हिरवा स्फटिक चमकतो आणि नायक पुन्हा समर्थ होतो. पाण्यासारखा पैसा ओतलेल्या चित्रपटाने पैशाखातरच आपला प्राण गमावला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विस्मृतीचा प्रश्न

शेवट मात्र दोन्हीकडे फसला आहे. लेस्टर यांचा सुपरमॅन एका चुंबनाने लोइसची स्मृती पुसतो. डॉनर यांच्या आवृत्तीत तो काळच मागे फिरवितो. मग त्या ट्रकचालकाला धडा शिकविण्यासाठी क्लार्क पुन्हा खाणावळीत येतो. पण काळ मागे गेल्यावर ती मारामारी झालीच कोठे?

तर्काची ही चूक क्षम्य मानता येईल. नैतिक चूक मानता येणार नाही. लोइसला सत्य कळले होते आणि त्या सत्याचे दुःख तिचे होते. ते काढून घेताना तिला कोणी विचारले? शाकुंतलातही विस्मृती आहे. परंतु तेथे ती दुःखाचे कारण होते, आणि स्मृती परतल्यावर दुष्यंताला पश्चात्तापाच्या आगीतून जावे लागते. येथे विस्मृती ही दुःखावरील सोयीस्कर गोळी झाली आहे.

हा निकष अशा चित्रपटांना फार कठोर आहे, असा आक्षेप येईल. त्याला सॅम रेमी यांचा 'स्पायडरमॅन टू' (२००४) हे उत्तर आहे. तेथेही नायक आपले व्रत सोडतो आणि प्रेयसीला त्याचे रहस्य कळते. पण तिची स्मृती कोणी पुसत नाही. सारे धोके जाणून मेरी जेन स्वतः निर्णय घेते. शेवटच्या दृश्यात नायक पुन्हा कर्तव्यावर झेपावतो, आणि खिडकीत उभ्या असलेल्या तिच्या चेहऱ्यावर चिंता उमटते. निवडीची किंमत तिला ठाऊक आहे. ती देण्यास ती तयार आहे. प्रेक्षकही ती चिंता बरोबर घेऊनच घरी जातो.

सारांश, उत्तरार्धाची थोरवी नायकाच्या बळात किंवा निर्मात्याच्या थैलीत नसते. घडून गेलेले घडलेच आहे, हे मान्य करण्याच्या धैर्यात ती असते. जो चित्रपट आपल्याच घटना पुसून टाकतो, त्याने आपण त्या लक्षात ठेवाव्यात, ही अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी?