विवाह : संस्कार की करार? ज्यू परंपरेचे उत्तर

समाजशास्त्राच्या अभ्यासात हा प्रश्न हमखास भेटतो. हिंदू विवाह हा संस्कार, मुस्लिम विवाह हा करार, एवढे लिहिले की आपले काम भागते. ज्यू अथवा यहुदी विवाह कोणत्या रकान्यात घालावा हे पाहू लागले, तेव्हा मात्र ही सोपी वाटणी माझ्यापुरती मोडली.

ज्यू विवाहविधीचे नाव 'किद्दुशीन'. पवित्र करणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे हा संस्कारच. 'हुप्पा' नावाच्या छताखाली वर वधूला अंगठी देतो आणि मोशेच्या धर्मशास्त्राप्रमाणे तिला आपली म्हणून जाहीर करतो. शेवटी सात आशीर्वचने म्हटली जातात. परंतु या दोन विधींच्या मध्ये एक कागद मोठ्याने वाचतात. तो 'केतुबा', केतुबा म्हणजे 'लिहिलेले'. भाषा अरामी, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वाचून झाल्यावर तो वधूकडे राहतो. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या लग्नातही केतुबा वाचली जाते.

या कागदात प्रेमाची वर्णने नाहीत. पतीने अन्न, वस्त्र व सहवास द्यावा, हे मूळ बंधन बायबलच्या 'निर्गम' ग्रंथातले. पत्नीचे आजारपण आणि तिची उत्तरक्रिया हीदेखील पतीचीच जबाबदारी, असे पुढे धर्मपंडितांनी ठरवले. घटस्फोट झाला किंवा पती वारला तर कुमारिका म्हणून लग्न झालेल्या स्त्रीला 200 झूझ, आणि विधवा म्हणून पुन्हा लग्न केलेल्या स्त्रीला 100 झूझ मिळावेत. झूझ हे चांदीचे नाणे. विधवेची रक्कम निम्मी, हे खटकते. पण तिचा पुनर्विवाह येथे गृहीतच धरलेला आहे. आपल्याकडे त्यासाठी 1856 चा कायदा व्हावा लागला.

पूर्वी ही रक्कम बाजूला काढून ठेवलेली असे. त्यामुळे राग आला की 'घे तुझी केतुबा आणि चालू लाग' असे म्हणणे पतीला सोपे जाई. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह याने नियम बदलला. पतीची सारी मालमत्ताच या रकमेला तारण ठरली. पत्नीला टाकणे हलके वाटू नये, हा हेतू तालमूदमध्ये स्पष्ट नोंदलेला आहे.

येथे मला माझी आत्या आठवते. तिचे लग्न देवाब्राह्मणांच्या साक्षीने झाले होते. सासरहून परत आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती. कागद कोणताच नव्हता.

कर्तव्य नेमके सांगण्याची हीच रीत आईवडिलांच्या बाबतीतही दिसते. त्यांचा मान राखणे म्हणजे काय? तालमूद सांगतो : त्यांना खाऊपिऊ घालणे, कपडे चढवणे, हात धरून आतबाहेर नेणे, त्यांच्या जागेवर न बसणे. भावनेचे मोजमाप कृतीने!

या परंपरेत उणीव नाही असे नाही. 'गेट' म्हणजे घटस्फोटपत्र पतीनेच द्यावे लागते. त्याने ते अडवले तर स्त्री 'अगुना', म्हणजे बांधलेली, राहते. तिला दुसरे लग्न करता येत नाही. पत्नीच्या संमतीवाचून घटस्फोट देण्यास सुमारे इसवी सन 1000 मध्ये युरोपातील रब्बी गेर्शोम यांच्या नावाने बंदी आली. परंतु तिला हवा असलेला घटस्फोट पती अडवू शके, तो शकेच. धर्मन्यायालयाचा आदेश मोडणाऱ्या अशा पतीचा वाहन परवाना रोखण्याचा, प्रसंगी त्याला तुरुंगात घालण्याचा कायदा इस्रायलने 1995 मध्ये केला. जो कागद स्त्रीला आधार देतो, त्याच परंपरेतला दुसरा कागद तिला अडकवतोही.

तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. लग्नात करार आला की पावित्र्य उणावते, असे मी समजत होते. केतुबा तर मंगलविधीच्या ऐन मध्यावर, सर्वांदेखत वाचली जाते. प्रेम आटेल त्या दिवशीही तिची भाकरी आटू नये, ही तजवीज प्रेमाच्याच दिवशी करून ठेवणे, हाही संस्कारच नव्हे काय?