खरड छाटणीचे दिवस

चि. बाळास,



तुझं पत्र मिळालं. तरुणांच्या शिबिराहून परतलीस तेव्हा प्रार्थनेत डोळे भरून यायचे, आणि आता रात्रपाळी करून होस्टेलवर आल्यावर गुडघे टेकले तरी शब्द सुचत नाहीत. मग माझं समर्पण खोटं होतं का, असं तू विचारतेस. खोटं नव्हतं, पोरी. पण ते पुरंही झालेलं नव्हतं, आणि एका शिबिरात ते कुणाचंच पुरं होत नाही.

पंडिता रमाबाईंचं चरित्र आपल्याकडे सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण त्यातल्या एका गोष्टीकडे फारसं लक्ष जात नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर अमेरिकेचा प्रवास झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, विधवांसाठी एवढं मोठं काम उभं राहिलं. तरीही आपण स्वीकारला तो धर्म, खुद्द ख्रिस्ताची भेट अजून व्हायचीच आहे, हे त्यांना 1891च्या सुमारास उमगलं. मध्ये आठ वर्षं गेली! संस्कृत शास्त्रांत पारंगत, देशोदेशी नावाजलेली बाई. तिला इतका काळ लागला आणि तिने ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. तुझं दृढीकरण होऊन दोन पावसाळेही झाले नाहीत. देवाला घाई नाही, तू कशाला करतेस?

1905 मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात मोठं आत्मिक जागरण झालं. मुली तासन् तास रडून प्रार्थना करत, पापं कबूल करत. अशा भावनांना मी कमी लेखणार नाही. त्या देवानेच दिलेल्या असतात. पण मला त्या जागरणाच्या आगेमागे जे चाललं होतं ते जास्त मोलाचं वाटतं. 1896च्या दुष्काळानंतर उपासमारीतून आणलेल्या शेकडो मुली तिथे होत्या. त्यांना खाऊ घालायचं, शिकवायचं, शेती, विणकाम, छापखाना चालवायचा. रमाबाई स्वतः उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवायला बसल्या. वर्षानुवर्षं ते चाललं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी ते काम त्यांनी टाकलं नाही; 1922 मध्ये स्वतः प्रभूकडे जाण्याआधी भाषांतर पुरं केलं. त्या वर्षांतल्या रोजच्या सकाळी काही अश्रूंनी भिजलेल्या नसणार. शब्द अडत असतील, डोळे दुखत असतील. पूर्ण अंतःकरणाची भक्ती म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी त्यांच्या भाषांतराच्या टेबलाकडे बोट दाखवीन.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर आणखी वेगळं. त्यांच्या पतींनी, नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. सोवळंओवळं एका दिवसात सुटलं नाही. ते हळूहळू गळत गेलं आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं. शाळेचं शिक्षण फारसं न झालेल्या या बाईने ते पुरं केलं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या होस्टेलवर नसेल तर मी पाठवतो.

आपल्या निफाडकडच्या द्राक्षबागा तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो तेव्हा काडी पार ओलांड्यापर्यंत मागे घेतो. पाहुण्याला वाटतं, बाग संपली. पुढे कित्येक महिने नुसती काडी आणि पानं. एक घड दिसत नाही. पण सूक्ष्मघड तयार होतात ते त्याच काळात, काडीच्या डोळ्यांत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे बाहेर पडतं ते उन्हाळ्यातच ठरून गेलेलं असतं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू पित्याला माळी म्हणतो आणि फळ देणाऱ्या फांदीचीही छाटणी सांगतो. त्या फांदीकडून तो एकच मागतो, वेलात राहायचं. तुझे सध्याचे दिवस मला असेच दिसतात.

तेव्हा शब्द सुचत नसतील तर एखादं स्तोत्र उघड आणि त्याच्याच शब्दांत प्रार्थना कर. चर्च शतकानुशतकं हेच करत आलं आहे. मार्काचं शुभवर्तमान सोळाच अध्यायांचं आहे, रोज एक वाच. रात्रपाळी असेल तर दुपारी वाच, पण वाच. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन चुकवू नकोस. पुण्यात मंडळ्या पुष्कळ आहेत. गाणी छान म्हणतात म्हणून रोज नवीन मंडळी शोधत फिरू नकोस. जिथे तुला कुणी नावाने ओळखेल आणि चुकल्यावर कान धरेल तिथे ठाण मांड. वॉर्डात ज्या रुग्णाजवळ जायला सगळे टाळतात त्याची चादर बदलताना मनात त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर. तीही उपासनाच आहे, माझा तसा ठाम विश्वास आहे.

आता एक गोष्ट, जी तू पत्रात ओझरती लिहिलीस आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. खोलीतल्या मैत्रिणीशी तुझं बोलणं बंद आहे. चूक तिची असेल. पण वेदीशी दान घेऊन उभं असताना कुणाच्या मनात आपल्याविषयी काही असल्याचं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला प्रभूने सांगितलं आहे. सगळं घर देवाला देऊन एक खोली कुलूपबंद ठेवली तर अर्पण पुरं झालं असं मी म्हणणार नाही. तुझ्या प्रार्थनेचा कोरडेपणा यातूनच आला असं मी सांगू शकत नाही. पण इथून सुरुवात कर, एवढं नक्की सांगतो.

सुट्टी मिळाली की दौंडकडची गाडी पकडून केडगावला जाऊन ये. पण त्याआधी, हे पत्र बाजूला ठेव आणि त्या मुलीकडे जा. काय झालं ते मला कळव.

तुझा,
मामा