जड मोटारीस इंजिन कोणतें जोडावें?



आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी परवां आईसह भेटावयास आला. वसईंतील त्यांच्या अंगणांत वडिलांची जुनी कॉन्टेसा मोटार उभी आहे. इंजिन झिजलेलें, पण सांगाडा धड. "सर, तिला मालट्रकाचें इंजिन बसवितों, म्हणजे ती पळेल," असें तो म्हणाला. आई मात्र चिंतेंत होती. त्या दोघांना जें सांगितलें, तेंच येथें मांडतों.

प्रथम वजन पाहावें. कॉन्टेसा १९८४ सालीं बंगालमधील उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्स कारखान्यांतून निघूं लागली. सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल मोटारीचा, प्रशस्त. इंजिन मात्र ॲम्बॅसिडरचें, १४८९ घनसेंटिमीटरचें, सुमारें ५० अश्वशक्तीचें. मोटारीचें वजन सुमारें १२०० किलो. म्हणजे एका अश्वशक्तीवर २४ किलोंचा भार. भरल्या गाडीला एकच बैल जुंपावा, तसें तें झालें. पुढें कारखान्यानेंच जपानच्या इसुझूचें १८१७ घनसेंटिमीटरचें, सुमारें ८८ अश्वशक्तीचें इंजिन बसविलें. तेव्हां तो भार १४ किलोंवर आला.

मग सर्वांत मोठें इंजिन तें सर्वांत चांगलें काय? नाहीं. या मोटारींत इंजिन पुढें उभें, लांबीच्या दिशेनें बसतें. मागें गीअरपेटी, आणि तेथून लांब दांडा मागील चाकांस फिरवितो. आजच्या बहुतेक लहान मोटारींचीं इंजिनें आडवीं बसून पुढील चाकांस फिरवितात. तीं येथें सहज जुळत नाहींत. मालट्रकाचें इंजिन फार जड. पुढील चाकांवर भार वाढून सुकाणूं बोजड होतें, आणि त्याच्या पिळानें, म्हणजे टॉर्कनें, मागील आंस मोडण्याची भीति असते. टॉर्क तर हवाच, कारण गायमुखाच्या चढावर मंद फिरतांना तोच गाडी ओढतो. पण तो गीअरपेटी व आंस यांना पेलेल इतकाच असावा.

त्याच चढावरून गाडी उतरतेही, हें विसरूं नये. वेग दुप्पट झाला कीं थांबवितांना ब्रेकांवर चौपट काम पडतें. म्हणून नव्या इंजिनाबरोबर ब्रेक व पाणी थंड करणारा रेडिएटर तपासलाच पाहिजे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें निराळ्या जातीचें इंजिन बसविण्यापूर्वीं नोंदणी-अधिकाऱ्याची संमति लागते. ती नसल्यास अपघाताच्या वेळीं विम्याचा आधारही डळमळतो.

तेव्हां त्याला म्हटलें, "बाळ, याच सांगाड्यांत कारखान्यानें बसविलेलें इसुझूचें धड इंजिन त्याच्या पांच गीअरांच्या पेटीसह शोध. संमति अगोदर घे. ब्रेक दुरुस्त कर. मग इंजिनाला हात लाव."

तो थोडा हिरमुसला. आईनें मात्र विचारलें, "सर, मग या मोटारींतून मला देवळांत नेईल ना?" मुलगा हंसला आणि ब्रेकांची यादी लिहूं लागला.